तुम्ही बोलला नाहीत ती सकाळ

अप्पा, आधी तुमचं नाव लिहितो. मन्मथअप्पा, घाटनांदूरचे किराणा दुकानदार, माझे शेजारी. या परक्या मुलखात मला तीन खोल्यांचा मालक केलं ते तुम्ही. कसं, ते पुढं सांगतो. त्यात माझी बाजू काही चांगली नाही. पण नाव एकदा लिहून टाकलं की मग मला मागं फिरता येणार नाही.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. तुमच्या लिंगायत लोकांच्या रीतीनं तुम्हाला बसवून माती दिली. खाली खड्ड्यात तुम्ही मांडी घालून बसला होता, कपाळभर भस्म, डोळे मिटलेले, डाव्या तळहातावर तुमचं इष्टलिंग. जंगमस्वामी मंत्र म्हणत होते. बायका रडत होत्या. मी मात्र तुमच्या ओठांकडं बघत उभा होतो. तुम्हाला असंच, अगदी असंच बसलेलं मी एकदा पाहिलं होतं. त्या दिवशीही मी तुमच्या ओठांकडंच बघत होतो. ते हलू नयेत म्हणून.

तुम्हाला आठवत असेल, मी या गावात आलो तो रेल्वेच्या रुळाच्या कंत्राटदाराबरोबर. मजुरांचे तंबू शिवायचे, फाटले की सांधायचे, हे माझं काम. घर सातारा जिल्ह्यात, इंग्रजी हद्दीत, इथून कितीतरी दिवसांच्या वाटेवर. शिंप्याला सगळीकडं मास्तर म्हणतात, म्हणून तुम्हीही म्हणालात.

"कितवी शिकलाव मास्तर?"

"चौथी. तीसुद्धा पुरी नाही."

"मग बरोबर हाय. आमच्या गावच्या मास्तरची बी तेवढीच हाय."

दुकानात बसलेले सगळे हसले. मीही हसलो, पण मनात म्हटलं, हा माणूस माझं माप घेतोय. त्याच आठवड्यात तुम्ही दुकानाचा ओटा मला शिवणयंत्र ठेवायला दिलात. किराया विचारला तर म्हणालात, "बसा की. गिऱ्हाईक तुमच्याकडं आलं की मीठ-मिरची माझ्याकडून नेतंय." परक्या गावात कुणी फुकट बसायला जागा देतं, हे मला पटेना. त्या दिवसापासून मी तुमच्यावर नजर ठेवली, अप्पा. पुरी नऊ वर्षं ठेवली.

मी भित्रा होतो, आजही आहे. माझ्या वडिलांचे डोळे काजं करून करून चाळिशीच्या आत गेले. पुढं ते ओसरीवर बसून नुसते कापड चाचपायचे. मी शाळा सोडली ती त्यामुळं. तेव्हापासून एकच धास्ती: माझेही डोळे जाणार, पाय यंत्रावर चालेनासे होणार, आणि या मुलखात मला कुणी ओळखणारही नाही. डोळ्यांवाचून चालेल अशी कमाई हवी होती. आंधळ्यालाही किराया मिळतो.

तुमच्या दुकानाला भिंतीला भिंत लावून जमादारसाहेबांच्या तीन खोल्या होत्या. फौजेतनं निवृत्त झालेला म्हातारा माणूस, तुमच्याच ओट्यावर रोज येऊन बसायचा. स्टेशन होणार, आडती उघडणार, मुनीम येणार, मालाचे बाबू येणार, आणि गावात त्यांना राहायला धड खोली नाही, हे मला दिसत होतं. तेव्हाच जमादारसाहेबांना गुलबर्ग्याच्या लेकीनं बोलावून घेतलं. एके दिवशी सदरा शिवायला टाकताना ते हळूच म्हणाले, "मास्टर, हमारा घर तुमे लेते क्या?"

घर विकत घ्यायचं म्हणजे काय, हे मला कुठं ठाऊक होतं? मोमिनाबादला, तालुक्याच्या कचेरीबाहेर, एक अर्जनवीस बसायचे. त्यांना विचारलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "शेजारी कोण?" मग शुफ्याचा हक्क समजावून सांगितला. निजामाच्या राज्यात घर विकलं गेलं, की भिंतीला भिंत असलेला शेजारी म्हणू शकतो, तीच किंमत मी देतो, घर मला द्या. मात्र खबर कानावर पडताच त्यानं जागच्या जागी उठून, साक्षीदारांसमोर हक्क मागितला पाहिजे. "पान खाऊन बोलतो म्हणाला, तर हक्क गेला," अर्जनवीस म्हणाले.

शेजारी तुम्ही. एका बाजूला तुम्ही आणि दुसऱ्या बाजूला गल्ली. साऱ्या गावाला ठाऊक होतं की त्या खोल्या तुम्हाला हव्या होत्या. तुमचा पुतण्या, ज्याला तुम्ही पुढं दत्तक घेतलंत, तो परळीहून आला की ओट्यावर बसून मोठ्यानं म्हणायचा, "काका, जमादार हालला की भिंत पाडू. पोती ठिवायला जागाच जागा." तुम्ही हूं म्हणायचात. मी खाली मान घालून यंत्र चालवायचो आणि त्या हूंचा अर्थ लावत बसायचो.

म्हणून मी डाव केला. तो आज जसाच्या तसा लिहितो.

तुम्ही रोज सकाळी लिंगपूजेला बसायचात. पूजेत बसलं की तुम्ही कुणाशी बोलत नव्हता. घराला आग लागली असती तरी बोलला नसता, असं लोक म्हणायचे. मोमिनाबादला गुपचूप कागद करून मी रात्रीच परत आलो. सकाळी न्हावी आणि एक गाडीवान, दोघांना साक्षीला घेऊन तुमच्या दारात उभा राहिलो. तुम्ही आत मांडी घालून बसला होता. डाव्या तळहातावर लिंग, डोळे मिटलेले. पुतण्या नेमका त्या दिवशी मुक्कामाला होता.

मी म्हटलं, "अप्पा, जमादारसाहेबांच्या तीन खोल्या मी घेतल्या. कागद झाला."

तुमच्या पापण्यासुद्धा हलल्या नाहीत. पुतण्या मात्र ताडकन उठला. "काका! आवो काका, बोला की! हा शिंपडा खोल्या घिऊन चाललाय! काका!" तुमच्याभोवती तो असा फिरत होता, की जणू विस्तवाभोवती फिरतोय. पूजेतल्या माणसाला हात तर लावता येत नव्हता. न्हाव्याला हसू आवरेना. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. "मी बोलू का?" पुतण्यानं विचारलं. गाडीवान म्हणाला, "तुझं घर हाय व्हय इथं? तू गप बस."

बराच वेळ गेला. तुम्ही पूजा संपवलीत, लिंग डोळ्यांना लावलंत, कापडात गुंडाळून गळ्यातल्या चांदीच्या डबीत ठेवलंत. मग माझ्याकडं पाहून म्हणालात,

"मास्तर, पावसाच्या आत धाब्यावर माती टाकून घ्या. तिसरी खोली गळती हाय."

पुतण्यानं कपाळावर हात मारला. मी घरी आलो ते पळतच.

जिंकलो असं मला वाटलं. तुम्ही आता डूख धरणार याची भीतीही वाटली. पण पुढच्या खेपेला मी ही फुशारकी अर्जनविसांना सांगितली, तेव्हा त्यांनी कलम खाली ठेवली. "पूजेत किंवा नमाजेत असला तर ती संपेपर्यंत मुभा असते. संपल्यावर पहिलं वाक्य काय बोलला?"

"धाब्यावर माती टाका म्हणाले."

"त्याला कायदा माहीत नसेल."

गाडीवानानं परतीच्या वाटेवर तेही खोडून काढलं. शुफ्याच्याच एका भांडणात तुम्ही पूर्वी साक्षीदार होतात. तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही उठून एक वाक्य बोलला असता तर खोल्या तुमच्या झाल्या असत्या. मग का बोलला नाहीत? अप्पा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या अंगात टोचणीसारखा राहिला. टाके घालताना सुई आत राहून जावी तसा.

त्यानंतर तुम्ही जे जे केलंत ते मी उलटं धरून पाहिलं. धाब्यावर माती टाकायला तुम्ही माणूस पाठवलात. मी त्याच्यामागं वर चढून बसलो, काही पुरतोय की काय बघायला. पहिला किरायदार तुम्ही आणलात, आडतीवरचा मुनीम, बायको-लेकरांचा, साधा. तुमचा माणूस माझ्या खोलीत घुसवताय असं मला वाटलं. मी त्याला नको म्हटलं आणि एका अत्तरवाल्याला ठेवलं. गोड बोलला, महिन्याचा किराया आगाऊ दिला, माझ्या सदऱ्याला अत्तर लावलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "मास्तर, त्याचं बिऱ्हाड कुठाय? चूल मांडली का?" मी म्हटलं, "अत्तरवाल्याला चूल कशाला?"

आठवडी बाजाराच्या दिवशी सगळं गाव बाजारात असताना तो गेला. नुसता गेला नाही. खोलीची सागवानी दारं, दोन्ही फळ्या, चौकटीतनं उचकटून गाडीत घालून गेला. मी परत आलो तर खोली आ वासून उभी. तुम्ही येऊन उभे राहिलात, रिकाम्या चौकटीतनं आत पाहिलंत, नाकानं वास घेतलात.

"वास चांगला हाय," तुम्ही म्हणालात.

रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या कोठारातल्या जुन्या फळ्या तुम्ही मला दिल्यात आणि तोच मुनीम पुन्हा घेऊन आलात. "चूल मांडणारा माणूस दार न्हेत न्हाई," म्हणालात. मुनीम पाच वर्षं राहिला. पण फळ्या बसवताना मी त्यावरची तुमच्या दुकानाची खूण रंध्यानं घासून काढली, हे तुम्हाला ठाऊक होतं का? उद्या दारावरून मालकी सांगाल म्हणून घासली.

आणि तो झरोका. तिसऱ्या खोलीत मी स्वतः राहायचो. तिच्या आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीत हातभर झरोका होता, जमादारसाहेबांच्या वेळचा. संध्याकाळी तुमच्या घरच्या, काकू, त्यातनं भाकरी आणि वर काही कालवण सरकवायच्या. "मास्तर, घ्या वो. गरम हाय." घर सोडल्यापासून गरम भाकरी म्हणजे काय ते मी विसरलो होतो. दोन वर्षं खाल्ली. मग मनात आलं, ही रोजची वहिवाट. उद्या कचेरीत म्हणतील, या भिंतीत आमचा हक्क आहे, बघा, झरोका आहे. तुम्ही दोघं कपिलधारच्या जत्रेला गेलात आणि मी तो बुजवला. विटा मातीत बसवल्या, वर गिलावा केला.

तुम्ही परत आलात. काही बोलला नाहीत. संध्याकाळी काकू भाकरी घेऊन समोरनं आल्या, सगळी गल्ली वळसा घालून, पदराखाली ताट झाकून. "तिकडनं जागा न्हाई राहिली," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून रोज समोरनं. पावसात काकूंचे पाय चिखलानं भरायचे. मी भाकरी घ्यायचो आणि मान वर करायचो नाही.

यावर एकदाच आपलं वाजलं. तुम्ही ओट्यावर वजनं पुसत होतात. मी म्हटलं, "अप्पा, भाकरी बंद करा. लोक बघतात."

"लोक बघतेत तर बघू दे. तुला काय टोचतंय?"

"तुम्ही हे कशासाठी करता?"

तुम्ही वजन खाली ठेवलंत. "अन् तू एवढा कावून भेतो बे, मास्तर?"

"मी विचारलं त्याचं उत्तर द्या."

"तू दे माझ्या इचारल्याचं."

गिऱ्हाईक आलं, हळद मागितली, आणि ते भांडण तिथंच राहिलं. माझं उत्तर माझ्याकडं होतं, मी दिलं नाही. तुमचं तुम्ही घेऊन गेलात.

काल काकूंकडं गेलो. रिकाम्या दुकानात भिंतीला टेकून बसल्या होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "अप्पांना माती देताना ती सकाळ आठवली, काकू. मी खोल्या घेतल्या तेव्हाची. पूजेत होते ते."

काकू माझ्याकडं बघतच राहिल्या. "पूजेत? आवो, त्या दिवशीची पूजा कवाच झालती. घर तुमाला देनार म्हून जमादारानं यांच्या कानावर घातलंच हुतं की. तुमी न्हाव्याला घिऊन गल्लीत शिरलाव, ते यांनी ओट्यावरून बघितलं. तसेच आत आले अन् परत मांडी घालून बसले. मी म्हनलं, आवो, दोनदा कावून? तर म्हनले, गप बस. आज दुसऱ्यांदा करायची हाय."

"मग खोटंच बसले होते?"

"खोटं कावून? दुसऱ्यांदा बी खरीच केली. सगळी."

 मी विचारलं, "पण का, काकू?"

"मला काय ठाव. पुतण्याच्या तोंडाला लागायला नको म्हून बसले असतील. तुमच्यासाठी बसले असतील. तुमी कवा इचारलाव का त्यास्नी, नीट?"

नाही विचारलं, अप्पा. एकदा विचारलं ते भांडल्यासारखं. आणि रागावू नका, पण रात्रभर मी पुन्हा जुन्या सवयीनंच विचार केला. माझ्या दोन्ही खोल्यांचे किरायदार इतकी वर्षं तुमच्याच दुकानातनं माल भरत आले. तो हिशेब तुमच्या मनात असेल का? की पुतण्याची हाव तुम्हाला नको होती आणि मी नुसता मधे सापडलो? हे संशय आजही पुरते गेलेले नाहीत. पण त्यातला कुठलाही संशय घेतला तरी एक गोष्ट त्यात बसत नाही. नुसतं गप्प राहायचं असेल तर माणूस तोंड मिटील, पाठ फिरवील. तुम्ही मला चोरासारखं येताना पाहिलंत, आणि माझी चोरी चोरी दिसू नये म्हणून पुन्हा लिंग हातात घेऊन बसलात. गावात माझं नाव राहिलं ते त्यामुळं. एवढं कापड कुठल्याच मापात बसत नाही.

आता जे चाललंय ते तुम्हाला सांगितलं पाहिजे. तुम्हाला माती देऊन आलो त्याच दिवशी तुमचा पुतण्या दुकानात पावलं टाकत होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी शिंपी आहे, कोण माप घेतोय ते मला कळतं. आता दत्तक म्हणून घर त्याचं. परळीचा कुणी व्यापारी घेणार आहे म्हणे, आडत घालायला. काकूंना परळीला नेणार. काकू म्हणतात, "तिथं माझं कोन हाय? हे इथं हायेत." एवढंच म्हणतात आणि गावाबाहेर, जिथं तुम्हाला बसवलं, त्या बाजूला बघतात.

घर विकलं गेलं की भिंतीला भिंत असलेला शेजारी मीच. हक्क माझा. किंमत भरायला माझ्या पहिल्या दोन खोल्या विकाव्या लागतील. तिसरी ठेवीन, कारण भिंत तिची आहे आणि हक्क त्या भिंतीवर आहे. म्हणजे मी पुन्हा एका खोलीचा माणूस. म्हातारपणी किराया खाईन म्हणून जे उभं केलं, ते जाईल. डोळे आताच संध्याकाळी दोरा ओवू देत नाहीत. भीती वाटते, अप्पा. खोटं कशाला सांगू, फार वाटते. आणि आता माझा मलाच संशय येतो. तुमचं रस्त्यावरचं दुकान मला कधीपासून हवं होतं. काकूंच्या नावानं मी तेच तर घेत नाही ना? म्हणून हे इथं लिहून ठेवतो, वाचणारे साक्षीला राहतील. त्या घरात काकू आहेत तोवर त्यांच्याकडून किराया नाही, आणि त्यांना कुणी ऊठ म्हणणार नाही. मीसुद्धा नाही.

आज सकाळी झरोक्याचा गिलावा खरवडला. पहिली वीट निघाली. पलीकडनं काकूंच्या बांगड्या वाजल्या. मग त्यांनी विचारलं, "कोन हाय?" मी म्हटलं, "मी हाय, काकू."

नऊ वर्षांत मी वेळेवर एकही शब्द बोललो नाही. पण ज्या दिवशी ती खबर माझ्या कानावर येईल, त्या दिवशी हातात कात्री असली तर कात्री टाकून, घास असला तर घास टाकून, मी जागच्या जागी उठेन आणि चार लोकांसमोर मोठ्यानं हक्क मागेन. माझा आवाज कापेल, कापू दे. तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात. मी तुमच्यासाठी बोलेन, अप्पा. हे तुमचं देणं मी फेडीन.